सतरा-सतराची वाटणी

रोहिणी वाव्हळे माणसाची पारख एकाच गोष्टीवरून करायची. तो सोडवलेलं गणित कसं वाचतो? प्रश्नावरून नजर उचलून थेट शेवटच्या ओळीवर, चौकटीतल्या उत्तरावर टाकणारा दिसला की तिच्या ओठाचा डावा कोपरा खाली यायचा आणि त्या माणसाचा निकाल लागायचा. या मापानं मोजलं तर अख्ख्या कॉलेजात तिच्या लेखी धड माणूस एकही नव्हता. हे तिनं मनात ठेवलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण तिचं तोंड मनाच्या चार पावलं पुढं चालायचं.

ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. चुडाव्याहून सकाळच्या पॅसेंजरनं यायची, कपाटं उघडायची, भिंगं पुसायची, तापमापी मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची. वय एकतीस. वडील सिताराम रेल्वेत कीमॅन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज रुळावरून चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झालेल्या दिसल्या की ठोकत जायचं, यात त्यांची तीस वर्षं गेली. पोरगी बी. एस्सी. झाली, नोकरीला लागली, याचं त्यांना अप्रूप होतं. पण नोकरी सांभाळून ती त्याच कॉलेजात एम. एस्सी.ला बसली तेव्हा ते म्हणाले, "आता आणिक काय शिकायचं राहिलंय बाई?"

"बी. एस्सी.ला जे पाठ केलं, ते शिकायचं राहिलंय, बाबा."

हे तिनं बोलायचं म्हणून बोललेलं नव्हतं. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षी वर्गात पहिला नंबर तिचाच होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकानं तिला म्यूऑनचं गणित विचारलं. आकाशात वर तयार होणारा हा कण क्षणात मरतो, मग तो जमिनीपर्यंत पोचतो कसा? रोहिणीनं अकराच्या अकरा ओळी घडाघडा म्हटल्या. परीक्षकानं चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाला, "छान. आता वेग जरा कमी धरा. पोचेल का?"

एवढंच. रोहिणी उभी राहिली. अकरा ओळींत कमी वेगाची ओळ नव्हती. "ठीक आहे, बसा," तो म्हणाला आणि पुन्हा कप उचलला. त्यानं रागावून घेतलं असतं तर तिला चाललं असतं. त्या 'ठीक आहे'नं ती जी भाजली ती आजतागायत. त्या दिवशी तिनं जगातल्या पहिल्या माणसाला तुच्छ ठरवलं, आणि तो माणूस ती स्वतः होती. बाकीच्यांचा नंबर नंतर लागला.

तेव्हापासून तिनं वाचायची तऱ्हा बदलली. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा ती पुस्तकात ठेवायची. प्रश्न वाचायचा, पुठ्ठ्यानं उत्तर झाकायचं आणि रद्दी प्रयोगवह्यांच्या कोऱ्या बाजूला स्वतः मांडायला बसायचं. अडलंच, अगदी डोकं भिंतीला टेकलं, तर पुठ्ठा एक ओळ खाली सरकवायचा. एकच. ती ओळ का आली हे कळल्याशिवाय दुसरी बघायची नाही. एका गणिताला कधी चार-चार दिवस जायचे. प्रात्यक्षिकाला आलेली पोरं आपसात म्हणायची, "मॅडमचं अजून तेच पान चालूय." रोहिणीला ऐकू यायचं. तिला वाटायचं, तुमचं तर एकही चालू नाही.

एम. एस्सी.ला कणांच्या भौतिकीचा पेपर होता आणि तो रामप्रसाद सरांकडं होता. सर विभागप्रमुख. शिकवतात कसे, असं विचारलं तर सांगायला अडचण, कारण सर शिकवत नसत. ते वाचत. त्यांनी स्वतःच काढलेली पिवळ्या कव्हरची पुस्तिका होती, एक्याऐंशी सोडवलेल्या प्रश्नांची, इंग्रजीतली. वर्गात आले की चष्मा पुसायचे, पान क्रमांक सांगायचे आणि वाचायला लागायचे. मुलांकडं तीच पुस्तिका, सरांच्या हातात तीच. पेपर काढणाऱ्याच्या टेबलावरही तीच असावी, कारण दरवर्षी पेपर त्यातूनच पडायचा. त्यामुळं सगळे सुखी होते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक, तपासणाऱ्याला ठाऊक. ते उत्तर कशाचं, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं.

रोहिणीच्या शेजारी बसायची चंदा. ही पालमची. घरी दीडशे मेंढरं, आई केवळाबाई वर्षातले आठ महिने कळपामागं रानोमाळ. चंदा एका आश्रमशाळेत तात्पुरती शिकवत होती, एम. एस्सी. झाली तर ती जागा पक्की होणार होती. आठवड्यातून तीन दिवस एसटीनं यायची आणि गाडीत पुस्तिका पाठ करायची. तिची पाठांतराची ताकद अशी, की पालमला गाडीत बसली की गंगाखेडपर्यंत एक प्रश्न आणि तिथून पुढं दुसरा.

"अर्थ कळतो का काही?" रोहिणीनं एकदा विचारलं.

"अर्थाला येळ कुठंय ताई? उभ्यानं यायलेय मी. एका हातात दांडा अन् एका हातात पुस्तक."

रोहिणीच्या ओठाचा कोपरा खाली आला. चंदाला तो दिसला, पण तिनं मनावर घेतलं नाही.

चौदावा प्रश्न रोहिणीच्या पुठ्ठ्याखाली आला तो दिवाळीच्या आधी. प्रश्न साधाच होता. पायॉन नावाचा कण जागेवर उभा आहे. तो फुटतो आणि त्याचे दोन कण होतात: एक म्यूऑन, चांगला जडशीळ, आणि एक न्यूट्रिनो, ज्याला जवळपास वजनच नाही. फुटताना चौतीस एमईव्ही (कणांची ऊर्जा याच मापात मोजतात) ऊर्जा मोकळी होते. तर कुणाला किती मिळाली?

रोहिणीनं मांडलं. उभी वस्तू फुटली तर दोन्ही तुकड्यांना उलट्या दिशांनी सारखाच रेटा बसतो, आणि सारख्या रेट्यात हलकं असतं ते सुसाट सुटतं. ऊर्जेचा मोठा लचका तेच तोडून नेतं. तिचं उत्तर आलं: म्यूऑनला जेमतेम चार, न्यूट्रिनोला तीस. तिनं ताळा केला, पुन्हा केला आणि मग पुठ्ठा काढला.

पुस्तिकेत चौकटीत होतं: सतरा आणि सतरा.

आधी तिला वाटलं आपणच चुकलो. दोन दिवस ती स्वतःची चूक शोधत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं सहज मागचं पान उलटलं आणि तेरावा प्रश्न वाचला. त्यातला पायॉन वेगळा होता. तो फुटून प्रकाशाचे दोन कण व्हायचे, दोन्ही अगदी एकसारखे. तिथं लिहिलं होतं, सममितीमुळे दोघांना ऊर्जा निम्मी-निम्मी. तिथं ते बरोबरच होतं. आणि चौदाव्यात तेच वाक्य, तोच स्वल्पविराम, तीच मांडणी. कुणीतरी तेरावा उतरवून कणांची नावं तेवढी बदलली होती. जुळ्या भावांची वाटणी उचलून हत्ती आणि मुंगीला लावली होती.

रोहिणीला राग यायला हवा होता. तिला आला तो आनंद, आणि तो फारसा चांगल्या जातीचा नव्हता.

ती विभागात गेली. रामप्रसाद सर हजेरीपट भरत होते.

"सर, चौदाव्यात चूक हाय."

"छपाईची?" सरांनी मान वर न करता विचारलं.

"न्हाई. गणिताची."

आता मान वर आली. रोहिणीनं कागद पुढं ठेवला. "तेराव्यात दोन्ही फोटॉन हायत, सारखे. इथं एक म्यूऑन अन् एक न्यूट्रिनो. कसली सममिती, सर?"

"अहो वाव्हळे, अकरा वर्षं झाली ही पुस्तिका चालू हाय. अकरा वर्षांत कुणी काही बोललं न्हाई."

"कुणी वाचलीच नसंल."

सरांनी तिचा कागद घेतला आणि वरून खाली डोळे फिरवले. मग पुस्तिका उघडून तिच्यावरून फिरवले. मग पुन्हा कागदावरून. रोहिणी बघत उभी होती आणि एकदम तिच्या ध्यानात आलं, की या माणसाला दोन्हींतलं खरं कोणतं ते कळत नाहीये. त्यांचा अंगठा कागदाच्या कडेवर घासत होता. तोंडी परीक्षेत गप्प उभ्या राहिलेल्या मुलीचं तोंड असतं, तसं त्यांचं तोंड झालं होतं. दुसऱ्या कुणाला दया आली असती. रोहिणीला वाटलं, मी एकवीस वर्षांची होते, हे छप्पन्न वर्षांचे आहेत.

"आमच्या वेळच्या नोट्स आहेत या," सर शेवटी म्हणाले. "मोठमोठ्या लोकांनी काढलेल्या. आणि परीक्षेला हेच चालतं. तुम्ही उगा पोरांचं डोकं फिरवू नका. स्पेक्ट्रोमीटरची भिंगं पुसायची राहिलीत का?"

"पुसलीत सर. म्हणून तर दिसायलंय."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत कॉलेजभर झालं आणि रोहिणीच्या रजेच्या अर्जांवर महिनाभर सही होईना.

चंदाला तिनं चौदावा समजावून सांगितला. चंदा म्हणाली, "हे तर मेंढरं भरताना बी होतंय. टेम्पोतनं मेंढी उडी मारती, ती जाती चार हात लांब. टेम्पो नुस्ता डुलतो. रेटा सारखाच, पण टेम्पो कुठं पळायलाय?" रोहिणी तिच्याकडं बघतच राहिली. पुठ्ठा न लावता, चार दिवस न घालवता हिला कळलं होतं. तिला बरं वाटलं आणि किंचित वाईटही वाटलं.

परीक्षेला चौदावा प्रश्न आला. जसाच्या तसा, पाच मार्कांना. रोहिणीनं दीड पान भरून मांडणी केली. बाहेर आल्यावर तिनं चंदाला विचारलं, "चौदावा आला की! काय लिवलंस?"

चंदानं चपलेच्या टोकानं माती उकरली. "सतरा."

"काय?"

"सतरा लिवलं ताई. मला ठाऊक हाय चार अन् तीस. पण तपासणाऱ्याला ठाऊक न्हाई ना. माझी जागा अडकलीय तिथं. पाच मार्कासाठी कुठं नडू?"

"कळूनबी खोटं लिवलंस," रोहिणी म्हणाली. "मेंढरामागंच बरी होतीस तू."

म्हणून झालं आणि शब्द परत घ्यायची सोय नव्हती. चंदानं पिशवी खांद्याला लावली आणि ती स्टँडकडं निघून गेली. रोहिणी गेटात उभी राहिली. ज्या तोंडानं लोक तिला भिंगं पुसायला सांगायचे, तेच तोंड आत्ता तिच्याच गळ्यावर होतं, हे तिला लगेच कळलं. कळून उपयोग काय? हाक मारायला ते तोंड उघडेना.

निकाल लागला. रोहिणी पास होती, चंदा पास होती, सगळा वर्ग पास होता. रोहिणीनं उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. दीड पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल तिरकी रेघ होती, समासात नुसतंच '१७' आणि खाली शून्य. परीक्षकानं एकाही ओळीवर पेन टेकवल्याची खूण नव्हती. तिनं फेरतपासणीचा अर्ज केला, सोबत चार पानांचं स्पष्टीकरण जोडलं. दोन महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं: गुणांमध्ये बदल नाही. ते तिनं वडिलांना वाचून दाखवलं.

सितारामनं विचारलं, "ज्यानं तपासलं, तो जागेवर जाऊन बघून आला व्हता का?"

"न्हाई बाबा. खुर्चीत बसूनच."

"मग त्यो कशाचा तपासणारा," सिताराम म्हणाले आणि पान लावायला लागले. आई मालनबाई आतून म्हणाल्या, "पास हाय ना? मग झालं." रोहिणीला त्या घटकेला आईसुद्धा विद्यापीठाची माणूस वाटली.

पुढच्या सत्राचे महिना-दीड महिना चंदा लांबच्या बाकावर बसली. मग एका दुपारी प्रात्यक्षिक संपल्यावर ती प्रयोगशाळेत मागं थांबली.

"शिकवती का?" ती म्हणाली. "नीट, सगळं गणित. टेम्पोनं कळतंय, पण आकडा काढता येईना. उद्या माझ्या वर्गातल्या पोरीनं इचारलं तर काय सतरा सांगू?"

"त्या दिवशी मी लय वंगाळ बोलले," रोहिणी म्हणाली.

"हां. बोललीस." चंदानं खडू तिच्या हातात दिला. "आता लिव."

रोहिणीनं फळा भरून लिहिलं. एकेक ओळ चंदाकडून काढून घेतली. सहाव्या ओळीला वर्ग करताना चंदा दोनदा चुकली, तेव्हा रोहिणीनं त्या ओळीच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चंदा, इथं घाई करू नको', आणि दोघी पुढं गेल्या. उत्तर आलं तेव्हा चारची गाडी गाठायची होती म्हणून चंदा पळाली. रोहिणीनं फळा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा रामप्रसाद सर फळ्यासमोर मोबाईल धरून उभे होते. तिला बघून त्यांनी तो खिशात टाकला आणि फळा किती खराब झालाय याबद्दल काहीतरी बोलले.

जूनमध्ये पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. कव्हरवर 'सुधारित' असं छापलेलं. रोहिणीनं चौदावा उघडला. चार आणि तीस. तिचीच मांडणी, तिच्याच खुणा, ओळी तोडायची जागासुद्धा तिचीच. सरांनी फोटो छपाईवाल्याकडं दिला होता आणि छपाईवाल्यानं इमानेइतबारे जे दिसलं ते जुळवलं होतं. सगळ्या इंग्रजी पानात सहाव्या ओळीशेजारी एकच मराठी ओळ होती: चंदा, इथं घाई करू नको.

रोहिणीनं ते तीनदा वाचलं. मग ती विभागात गेली.

"सर, चौदावा बदलला म्हणं."

"हो. सखोल अभ्यासाअंती आम्ही सुधारणा केली."

"नीट वाचून घेतला न्हवं?"

"म्हणजे काय! शब्दन् शब्द," सर म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच तिला बोलायची गरज वाटली नाही.

तोवर दोघी एम. एस्सी. झाल्या होत्या. चंदाची आश्रमशाळेतली जागा पक्की झाली. रोहिणी होती तिथंच होती. सप्टेंबरात नव्या वर्गाची चाचणी झाली, सरांनीच घेतली, सरांनीच तपासली, आणि तपासलेला गठ्ठा ठेवायला प्रयोगशाळेच्या कपाटात आला. रोहिणीनं तो सोडला. चौदावा आलाच होता. तिघांनी सहावी ओळ सोडवून शेजारी लिहिलं होतं, 'चंदा, इथं घाई करू नको'. एकानं शुद्धलेखन सुधारून 'चंद्रा' केलं होतं. आणि एक जण फारच हुशार निघाला होता. त्यानं लिहिलं होतं, 'चंदा यांच्या मते येथे घाई करू नये.'

सगळ्यांना पाचपैकी पाच. त्या ओळीवर बरोबरची खूण.

तिनं चंदाला फोन लावला आणि वाचून दाखवलं. पलीकडून असं हसू आलं की मागं वर्गातली पोरंही हसायला लागलेली ऐकू आली. "मंजी मी शास्त्रज्ञ झाले की गं! आईला सांगते. दीडशे मेंढरं अन् एक मत." रोहिणी हसू आवरून बसली होती, पण 'एक मत' ऐकल्यावर तिचंही हसू सुटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या पाचही जणांना बोलावलं. 'चंदा यांच्या मते' लिहिणारा बिरू नावाचा उंच, शांत मुलगा होता.

"कोण ही चंदा?" तिनं विचारलं.

पाचही जण एकमेकांकडं बघायला लागले. "शास्त्रज्ञ असतील मॅडम," बिरू म्हणाला. "परदेशातल्या."

"पालमच्या हायत," रोहिणी म्हणाली. "बरं. पायॉनच्या जागी कायॉन घ्या. साडेतीन पट जड. तोबी तसाच फुटतो. म्यूऑनला किती मिळंल?"

"मॅडम, हे पुस्तिकेत न्हाई."

"न्हाई. ही बघा खुर्ची, हा बघा कागद."

दोघांना ताबडतोब गाडीची आठवण झाली. दोघं दहा मिनिटं पेन चावत बसले आणि पाणी प्यायला म्हणून गेले ते गेले. रोहिणीच्या ओठाचा कोपरा खाली आला; तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. बिरू राहिला. त्यानं पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, मग 'सममितीमुळे' असा शब्द लिहून तिच्याकडं बघितलं. ती भिंगं पुसत होती. तिनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. थोड्या वेळानं त्यानं तो शब्द खोडला आणि खोडलेल्या जागी कितीतरी वेळ पेन धरून बसला.

"मॅडम, पुढची एक ओळ सांगा की."

"एकच," रोहिणी म्हणाली, आणि हातातलं भिंग खाली ठेवून त्याच्या बाकाकडं गेली.